भोजली

भिलाईला आले तेव्हा बोलायला माणूस नव्हतं, याचं दुःख कमी आणि रागच जास्त यायचा. डावीकडच्या क्वार्टरमध्ये बंगाली, उजवीकडे तेलुगू, समोर खणून ठेवलेलं माळरान आणि त्यावरून दिवसभर उडणारी कारखान्याची लाल धूळ. भंडाऱ्याकडे आमच्या घरी डोळा उघडल्यापासून कोणी ना कोणी कोणावर तरी ओरडत असायचं. इथे आमचे हे ड्यूटीवर गेले की मी शिगडीशी बोलायची. खरंच सांगते. "पेट नं वं, का झालं तुले?" असं तिला म्हणायची आणि मग स्वतःच रडत बसायची.

शेवटी यांनीच कंटाळून माझ्यासाठी काम शोधलं. एक धर्मादाय ट्रस्ट मरोद्याच्या बाजूच्या खेड्यांत दर गुरुवारी जीपमधून डॉक्टर पाठवायचा. तपासणी फुकट, औषध फुकट. रोग्यांची कार्डं लिहायला थोडीफार शिकलेली बाई हवी होती, आणि मी सातवी पास होते. "जाय, तिथं बोल पाहिजे तेवढं," हे म्हणाले. बोलणार काय कपाळ! त्या बायकांची छत्तीसगढी मला कळेना आणि माझी हिंदी ऐकून त्या पदर तोंडाला लावून हसत.

त्यांतली एक माझ्याच वयाची होती. पोटात गोळा उठतो म्हणून यायची. ती हसायची नाही, उलट मी चुकले की बरोबर शब्द सांगायची. पुढे दुखत नसलं तरी यायची, पदरात लाल भाजी बांधून, आणि झाडाखाली माझ्या टेबलाशी बसून राहायची. आठवड्याच्या सात दिवसांतला मला तो एकच दिवस होता.

त्या बाजूला राखीच्या दुसऱ्या दिवशी भोजली शिरवतात. टोपलीत गहू पेरून अंधारात वाढवलेले पिवळे कोंब बायका गात गात तलावावर नेऊन पाण्यात सोडतात. त्या वर्षी तिने मला बोलावून नेलं. पाण्यातून वर आल्यावर तिने चार कोंब माझ्या कानावर खोवले, माझ्या हातांनी तिच्या कानावर खोववून घेतले, आणि आम्ही भोजली झालो. आता मरेपर्यंत एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती भोजली म्हणून, आणि भेटल्यावर म्हणायचं "सीताराम भोजली". तिची आई ती माझी आई, माझ्या घरचं सुतक ते तिचं सुतक. घरी येऊन मी यांना म्हटलं, "मले बहीण भेटली." हे म्हणाले, "बरं झालं बाप्पा, शिगडी सुटली."

संक्रांतीच्या सुमाराला, एका गुरुवारी, तिला खाटेवर घालून आणलं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आत्ताच शहरात न्या. तिचा नवरा लांब राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीत कामाला होता. घरी फक्त आंधळी सासू. जीपमध्ये मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पुढच्या सीटवर साहेबांच्या मिसेस होत्या. साहेब म्हणजे यांचेच साहेब, आणि मिसेस ट्रस्टच्या कमिटीवर. नागपूरच्या. वाटेत त्यांनी मागे वळून विचारलं, "अगंबाई, तुम्ही भंडाऱ्याच्या का? मग आमच्याकडे कधी येत कशा नाही? उद्या हळदीकुंकू आहे, नक्की या." दीड वर्षात पहिल्यांदा कोणी मला मराठीत घरी बोलावलं होतं. मी इतकी खूश झाले की मांडीवरचं कण्हणं क्षणभर मला ऐकू आलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

हॉस्पिटलात कारकुनाने विचारलं, "मरीज का रिश्तेदार कौन है? दस्तखत लगेगा, तब ऑपरेशन होगा." बाकावर पडल्या पडल्या तिने माझ्याकडे बोट केलं. "ए हर मोर भोजली ए."

कारकून तिथलाच होता, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. "भोजली हो? तो कर दो दस्तखत," म्हणत त्याने पेन माझ्यासमोर ठेवला.

मिसेसनी भुवया उंचावल्या. "भोजली म्हणजे? तुमचं नातं आहे हिच्याशी?"

मी हसले. मेली कुठून सुचली ती बुद्धी! "छे हो वहिनी, काहीतरीच. मी फक्त कार्ड लिहिते." आणि पेन परत सरकवला.

तिला मराठी येत नव्हती. पण पेन परत गेलेला तिने पाहिला. कारकून म्हणाला, मग नवऱ्याला बोलवा. राजहऱ्याला माणूस पाठवला. तिला व्हरांड्यात सतरंजीवर निजवलं आणि आम्ही जीपने परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी लग्नातली साडी नेसून हळदीकुंकवाला गेले. मिसेसना माझं नाव आठवेना. "या आपल्या ट्रस्टच्या कार्डवाल्या," अशी त्यांनी ओळख करून दिली. बायका गोड हसल्या आणि पुन्हा आपापसात बोलायला लागल्या. भिंतीला टेकून मी तिळगूळ खाल्ला. व्हरांड्यातली सतरंजी डोळ्यांसमोरून जात नव्हती.

शनिवारी तिचा नवरा पोचला, अंगठा दिला, ऑपरेशन झालं. आणखी एक दिवस गेला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. देवाची कृपा, ती वाचली. माझी काही कृपा नव्हती त्यात.

ती घरी आल्यावर मी रव्याचे लाडू घेऊन गेले. अंगणात ती उन्हाला बसली होती, वाळून काटकी झालेली. मी दारातूनच म्हटलं, "सीताराम भोजली."

ती उठायला लागली. मी नको नको म्हणत असतानाही भिंतीचा आधार घेऊन उठली आणि माझ्यासाठी खाट ओढली, पाहुण्याला ओढतात तशी. मग तिने माझं नाव घेतलं. पुढे बाई लावून, नीट, न चुकता, कार्डं वाटताना डॉक्टर घेत तसं. म्हणाली, बसा.

राग नव्हता हो तिच्या आवाजात. असता तर मी पाय धरले असते, भांडले असते. मी खाटेवर बसले, लाडवांचा डबा मांडीवरच राहिला.

पुढे भिलाईत आमचं सगळं झालं, मुलंबाळं, रिसालीत घर, मराठी शेजार. नावाने हाक मारणारी माणसं खूप मिळाली. तिचं नाव मला पाठ आहे, कार्डावर मीच लिहिलं होतं. पण ते मी आजवर तोंडाने घेतलेलं नाही.