चाक काढल्यावरची वर्गणी

मी शिकवतो त्या शाळेच्या वाटेवर, लोधीपुऱ्यात, एक पंक्चरवाला बसतो. दर रविवारी तापीच्या घाटावर तो पोरांना पोहायला शिकवायचा वर्ग भरवतो, आणि त्याला लागणारे दोर, ट्यूब, शिकवणाऱ्याचा चहा-नाश्ता हे सगळं गिऱ्हाइकांकडून वसूल करतो. चाक निघेपर्यंत मात्र वर्गणीचं नावही काढत नाही. गिऱ्हाईक आता पळू शकत नाही अशी खात्री पटली, की घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबत हळूच विचारतो, "सरजी, घरात तैरना कोणाले येते?"

कोणालाच येत नसतं.

"ट्यूबचे बुडबुडे दिसले तर मी भोक बुजवतो. आदमीचे दिसले तर काय बुजवू?"

एकदा बुलेटवरून लग्नाला निघालेले एक पुढारी त्याच्या तावडीत सापडले. "नंतर बघू," म्हणाले. यानं काढलेलं चाक भिंतीला टेकवलं आणि निवांत चहा मागवला. पुढाऱ्यांचं लगेच बघून झालं.

मी आपला शहाणा. गेल्या आठवड्यात स्कूटर पंक्चर झाली, तेव्हा त्यानं पाना उचलायच्या आधीच मी पाचशेची नोट पुढे केली. त्यानं ती खिशात घातली, माझ्या पोटाकडे नीट निरखून पाहिलं आणि भिंतीवरची सगळ्यात मोठी, ट्रकची ट्यूब खाली काढली.

"वर्गणी तर झाली. आता रविवारी सकाळी चड्डी घेऊन या, सरजी."

मी नाही म्हणणारच होतो. पण तोवर त्यानं चाक काढलं होतं.