बासष्टाच्या पुढचं गाणं

दुपारी बाराला रेडिओवर वाजलेलं गाणं तीनला पुन्हा लागलं, तसे चंपतराव स्टुलावरून उठले. बसले. परत उठले. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर एक रेघ ओढली.

"बाबा, बसा ना एका जागी! गिऱ्हाइकं पाहून राह्यले," त्यांचा मुलगा अमर वैतागला.

"अकरा दिवस मोजून राह्यलो. तुझं हे ऐंशीच्या दशकातल्या गाण्यायचं स्टेशन बासष्ट गाणे फिरवते. धा वर्षांत काय बासष्टच गाणे झाले?"

"लोकायले आवडते तेच लावतील ना!"

इचोड्यातल्या ज्या गाळ्यात आज अमर मोबाइलची कव्हरं विकतो, तिथंच तेव्हा चंपतराव कॅसेटी भरून द्यायचे. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून आणी. ती भरून झाली की टोकाला तीन-चार मिनिटं फीत कोरी उरे. कोरी द्यायला त्यांचा जीव होत नसे. तिथं ते एखाद्या पडलेल्या सिनेमातलं, आपल्या पसंतीचं गाणं टाकत आणि वेष्टनावर नावाऐवजी नुसती अधिकची खूण करत. आठ दिवसांनी तोच माणूस हमखास येई, "भाऊ, ते शेवटचं कोणतं जी?"

न राहवून त्यांनी स्टेशनला फोन लावला. दुपारच्या फर्माइशी घेणारी देवश्री म्हणाली, "काका, लोकांना ओळखीचंच हवं असतं."

"पयल्यांदा ओळख कोणी करून देल्ली त्यायले?"

ती हसली. "बरं, उद्या तुमचं लावू. नाव सांगा."

चंपतरावांच्या मनात एकच गाणं होतं. चाल कानात घुमत होती, पण नाव पार विसरलेलं. ज्यांवरून गाणी भरत त्या तबकड्या तर केव्हाच भंगारात गेलेल्या.

दुसऱ्या दिवशी ते ऑटोनं तलमडुगूला गेले. तिथल्या गयाबाईनं आपल्या लग्नात त्यांच्याकडून कॅसेट भरून नेली होती आणि तिच्या टोकाला त्यांनी तेच गाणं टाकलं होतं.

"कॅसेट? ते काय!" वांगी तोडता तोडता गयाबाईनं हात केला. पाखरं हाकलायला ज्वारीवर ताणलेली तपकिरी फीत वाऱ्यात थरथरत होती.

चंपतराव फितीपाशी धावले. "काऊन केलं जी असं? माझं गाणं व्हतं त्याच्यात!"

"मशीन बिघडली, पाखरं थांबतेत काय? अन् गाणं कुठं जाते, चंपतभाऊ? पोरीले तेच म्हणून निजवलं, नातीलेही."

"नाव काय त्याचं?"

"नाव? आमच्या घरी त्याले चंपतरावचं गाणंच म्हणतेत!"

बांधावर दोन येरझाऱ्या घालून त्यांनी दुपारच्या फर्माइशीत स्टेशनला फोन लावला.

"आपण रेडिओवर थेट आहोत. सापडलं नाव, काका?" देवश्रीनं विचारलं.

"नाई. गाणंच आणलं," म्हणत त्यांनी फोन गयाबाईच्या तोंडाशी धरला.

"अगं माय, आता?" ती पदराआड हसली, खाकरली अन् गाऊ लागली. दोन ओळी स्वच्छ आल्या. तिसरीला दम तुटला. चौथीच्या मधेच स्टेशननं जाहिरात लावली.

संध्याकाळी दुकानाची पायरी चढतात तोच अमर म्हणाला, "बाबा, त्या बाईचं गाणं सगळ्यायनं ऐकलं. दोघं पुसून गेले, ते कोणतं जी म्हणून."

चंपतरावांनी पत्रिकेवर त्रेसष्ट लिहिलं. आता बसतील, म्हणून अमरनं स्टूल पुढं सरकवलं.

"गुडीहत्नूरले सकाळी पयली गाडी केव्हा हाय रे?" ते उभ्यानंच म्हणाले. "तिथल्या मारोतरावले नव्वद मिनिटायची कॅसेट भरून देल्ली व्हती."