खोकला आणि चार कोपरे

जड सामान हलवणाऱ्या कंपनीत मुकादमाची चौतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते. उचललेल्या वजनाची बढाई त्यानं कधी मारली नाही. मारलीच तर न चेपलेल्या, न खरचटलेल्या वस्तूंची मारायचा. बळ बैलालाही असतं, असं तो म्हणे. यंत्र जमिनीवर ठेवताना आवाज झाला, तर तो त्या माणसाकडे असा बघायचा की पुढच्या वेळी तोच माणूस यंत्र अंड्यासारखं ठेवायचा.

त्याच्या टोळीत चार जण: लांब्या, डावरा, पैलवान आणि गुणगुण्या. चौघं चार दिशांनी आलेले. घरची भाषा वेगळी, डब्यातला वास वेगळा. शिव्या तर इतक्या वेगळ्या की समोरच्यानं शिवी दिली की खुशाली विचारली, हे कळेपर्यंत पहिलं वर्ष संपलं. त्यानं कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते मोजण्यावर.

लांब्याच्या गावी ‘तीन’ म्हणतानाच उचलतात. डावऱ्याच्या गावी तीन म्हणून झाल्यावर श्वास घेतात, मग उचलतात. पैलवानाकडे उलटं मोजतात, म्हणजे उचलायचं ते ‘एक’ला. आणि गुणगुण्याकडे मोजतच नाहीत. कुणीतरी गाणं धरतं, सूर वर गेला की ओझंही वर.

अकरा वर्षांपूर्वी या चौघांनी पहिल्यांदा एक लोखंडी कपाट धरलं. मुकादमानं ‘एक’ म्हणताच पैलवानानं आपला कोपरा उचलला. ‘तीन’ला लांब्यानं उचलला. डावरा श्वास घेत होता. गुणगुण्या गाण्याची वाट बघत उभाच राहिला. कपाट लवंडलं आणि मुकादमाच्या उजव्या पायाचा अंगठा कायमचा चपटा झाला.

त्यानंतर दोन तास भांडण झालं. आपल्या बापजाद्यांनी असंच उचललं आणि त्यांचं काही पडलं नाही, हे प्रत्येकानं छातीवर हात ठेवून सांगितलं. मुकादम अंगठ्याला चिंधी बांधत ऐकत होता. शेवटी त्यानं कपाट पुन्हा धरायला लावलं. काय म्हणावं ते त्याला सुचत नव्हतं, घशात धूळ गेली होती, म्हणून तो खोकला. चारही कोपरे एकदम उठले. घाबरून तो पुन्हा खोकला. चारही कोपरे एकदम टेकले. आवाज झाला नाही.

तेव्हापासून एक खोकला वर, दुसरा खाली. खोकला कुणाच्याच बापजाद्यांचा नव्हता, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. मुकादमाला खरोखरची सर्दी झाली की मात्र तो सुट्टी घ्यायचा.

आता मुख्य कार्यालयानं नवीनच टूम काढली होती. एका भाषेची, एका भागातली माणसं एका टोळीत ठेवायची. एकमेकांचं चटकन समजेल, अपघात कमी होतील. त्यासाठी एक अधिकारी बाई प्रत्येक टोळीचा फॉर्म भरत फिरत होत्या आणि एक काम डोळ्यांनी बघून ठरवत होत्या, टोळी ठेवायची की मोडायची.

ही टोळी जमवायला मुकादमाची अकरा वर्षं आणि एक अंगठा गेला होता. आठ महिन्यांसाठी नवी माणसं घ्यायची आणि दुसरा अंगठा द्यायचा, एवढी हौस त्याला नव्हती.

बाई काम बघायला येणार होत्या, त्या सकाळी घरी चादरीची घडी घालतानाही त्याचं लक्ष नव्हतं. तशी ती घडी लग्नापासून कधी धड झाली नव्हती. बायकोच्या माहेरी चादर आधी लांबीनं दुमडत, त्याच्याकडे रुंदीनं. दोघं दोन टोकं धरून उभे राहत, दोघं आपापल्या बाजूला वळत आणि चादरीचा पीळ होई. मग ती म्हणायची, “अहो, सोडा, माझी मी घालते.” त्या दिवशीही तसंच झालं.

काम एका जुन्या छापखान्यात होतं. कागद कापायचं यंत्र उचलून चाकांच्या गाड्यावर ठेवायचं. वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, पकडायला जागा कमी आणि खोलीभर कागदाची बारीक धूळ. चौघांनी खालून पट्टे घातले, खांद्यावर घेतले, गुडघे वाकवले.

बाई भिंतीला टेकून फॉर्म भरत होत्या. नीटनेटक्या, तरतरीत, पण हेकट नव्हत्या. मूळ गाव, मातृभाषा, आहार असे रकाने भरून झाले. ‘कामाची समान भाषा’ या रकान्यापाशी त्या थांबल्या. टोळीला इशारा कोणत्या भाषेत देता, असं त्यांनी विचारलं.

“खोकल्यात,” मुकादम म्हणाला.

बाईंना वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. त्यांनी रकाना कोराच ठेवला आणि जरा कडक आवाजात सांगितलं की एका गावची चार माणसं असती तर असली अडचणच आली नसती. मुकादमानं नम्रपणे सांगितलं की लांब्याचा सख्खा भाऊ शेजारच्या टोळीत आहे आणि तो ‘दोन’लाच उचलतो. त्यांची आई अजून त्यावरून दोघांना बोलते.

बाईंनी मान हलवली, फॉर्मचं पान झटक्यात उलटलं, धूळ उडाली आणि त्या खोकल्या.

यंत्र वर गेलं. चारही कोपरे, एका रेषेत.

मुकादम पट्टा तपासून नुकताच मागे सरला होता. तो तोंड उघडणार, तेवढ्यात बाई दुसऱ्यांदा खोकल्या. यंत्र खाली टेकलं. तिसऱ्यांदा वर. चौथ्यांदा खाली. बाईंना ठसकाच लागला होता. फुकटची मेहनत मुकादमाला कधीच बघवत नसे, पण त्या दिवशी त्यानं ती बघितली. कोपऱ्यांच्या उंचीत बोटभरही फरक पडत नव्हता आणि ठेवताना आवाज येत नव्हता, हे तो चपट्या अंगठ्यावर उभा राहून मोठ्या समाधानानं बघत होता.

सातव्या खोकल्याला यंत्र वर असताना बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी चटकन तोंडावर रुमाल दाबला आणि पुढचा खोकला गिळला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इकडे साडेतीनशे किलो अधांतरी आणि चौघांच्या मांड्या थरथरायला लागलेल्या. मुकादमानं खोकायला हवं होतं. पण त्याला हसू आवरेना, आणि हसताना माणसाला खोकता येत नाही.

शेवटी पैलवान दात आवळून म्हणाला, “बाई, पाया पडतो, खोका.”

बाई खोकल्या. यंत्र अंड्यासारखं टेकलं.

चौघं जमिनीवर बसले. बाई एका उपड्या खोक्यावर बसल्या. गुणगुण्यानं त्यांना पाण्याची बाटली दिली. जो बोलायला जाई त्याला हसू येई. मग बाईंनी विचारलं, “तुम्ही निवृत्त झाल्यावर काय?”

“तुम्हीच बघितलंत की,” मुकादम म्हणाला. “तुमची तर आजच ओळख झाली.”

बाईंनी कोऱ्या रकान्यात ‘खोकला’ लिहिलं आणि खाली शेरा मारला: टोळी मोडू नये. मग यंत्र गाड्यावर चढवलं, या वेळी मुकादमाच्या खोकल्यावर. बाई तेवढा वेळ बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

पंधरा दिवसांनी कार्यालयातून कागद आला. टोळी आहे तशीच ठेवावी, मात्र रकान्यात नमूद केलेली भाषा कोणत्या भागात बोलतात ते कळवावं. मुकादमानं खाली लिहिलं, ‘धूळ असेल तिथे’, आणि सही केली.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, दोरीवरची वाळलेली चादर काढली आणि दोन टोकं त्याच्या हातात दिली. मग त्याच्याकडे बघत ती बारीकशी खोकली.

पहिल्यांदाच पीळ पडला नाही. घडी मात्र लांबीनं झाली. ती तक्रार मुकादमानं केलीही, पण बायको म्हणाली, खोकला कुणाचा होता?