काही खास न्हाई

माझ्या सासऱ्यांच्या तोंडून कधी कुणी कशाचं कौतुक ऐकलेलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. उमरीच्या अख्ख्या बाजारपेठेत त्याला साक्षीदार मिळतील. तिथे त्यांचं किराणा दुकान आहे आणि स्वतःच्याच मालाची एवढी नालस्ती करणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. लातूरच्या मिलमधून आलेली पिवळीधमक तूरडाळ ते पोत्यातून ओंजळीत घेतात, नाकाजवळ नेतात आणि समोरच्या बाईला सांगतात, "यंदाची डाळ काही खास न्हाई बगा. घ्यायची तर घ्या." गिऱ्हाइकं जुनी आहेत. ती एवढं ऐकलं की दोन किलो जास्तच तोलून मागतात. जेवताना पहिल्या घासाला ते "आळणी हाय" म्हणतात आणि मग तीच भाजी तिसऱ्यांदा वाढून घेतात. मी लातूरला शिकवणीवर्गात रसायनशास्त्र शिकवतो. एकदा ते आमच्याकडे आलेले असताना मी मोठ्या अभिमानाने त्यांना आमच्या क्लासचा फलक दाखवला. त्यावर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे ओळीने फोटो होते. मामा भर रस्त्यात उभे राहिले, मागून ऑटोवाला ओरडला तरी हलले नाहीत. "लोकाची लेकरं अशी चौकात टांगतेत का?" ते म्हणाले, "एकेकाला तीट तरी लावायची."

मी त्यांना मामा म्हणतो, बायको अप्पा म्हणते. आमची सोयरीक ठरली तीही त्यांच्या या स्वभावाला साजेशीच. ते मला बघायला रेणापूरला आमच्या घरी आले, चहा घेतला, माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगा काही खास न्हाई." वडिलांचा चेहरा पडला. आई आतून बाहेर आली नाही. तेवढ्यात मध्यस्थ पाटलांनी वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, "जमलं म्हणून समजा." पुढे मला कळलं की आधीच्या एका स्थळाला मामा "बरा हाय" म्हणाले होते आणि तो विषय तिथेच संपला होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने बायको आठव्या महिन्यात उमरीला गेली. आणि महिना भरायच्या आतच तिच्या पोटात दुखायला लागलं. मामांनी गाडी करून तिला नांदेडला नेलं. मला फोन आला तेव्हा मी फळ्यासमोर उभा होतो. लातूरहून नांदेडपर्यंतचा एसटीचा रस्ता मी कसा काढला ते मला आजही आठवत नाही. मी पोचलो तोवर मुलगी झाली होती. नर्सने मला गाऊन चढवला, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि काचेच्या पेटीपाशी नेऊन उभं केलं. ओल्या शेंगेतून नुकताच सोललेला दाणा असावा तशी ती होती, तांबूस आणि सुरकुतलेली. नाकात नळी, पायाला पट्टी. बाप झाल्यावर आनंद होतो असं सगळे सांगतात. मला भीती वाटली, दुसरं काहीच वाटलं नाही. तिचं पोट वरखाली होत होतं आणि ते थांबू नये म्हणून मी नुसता बघत राहिलो, जणू माझ्या बघण्यावरच ते चाललं होतं.

मामांना मोठ्या काचेच्या बाहेरून बघायची परवानगी होती. काजळाची डबी घेऊनच ते आले होते. तीट लावू द्या म्हणून त्यांनी नर्सची मनधरणी केली, पण आत काजळ चालत नाही म्हणून तिने साफ नकार दिला. मग त्यांनी काचेला नाक लावलं आणि सुरू झाले. "काळी हाय. नाक बसकं हाय. डोस्क्यावर केस न्हाईत. कान तर बगा, उंदराचे." शेजारच्या बाळाचे नातेवाईक त्यांच्याकडे बघायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढासा जीव झगडतोय आणि हा माणूस त्याला नावं ठेवतोय. मी चिडून बोललो तर ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, काजळ लावू देईनात, तर म्या तोंडानं लावून राहिलो."

त्या दिवशी सासूबाईंनी मला सांगितलं. माझ्या बायकोच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. गोरापान, गुटगुटीत. मामा त्याला खांद्यावर घेऊन अख्खा बाजार फिरायचे, दुकानोदुकानी दाखवायचे, असं लेकरू तालुक्यात नाही म्हणायचे. सहा महिन्यांचा होऊन तापाने गेला. "तवापासून ह्यांनी जिभेला कुलूप घातलं बगा," सासूबाई म्हणाल्या. माझा नजर लागण्यावर विश्वास नाही. पण त्यानंतर मी मामांना अडवलं नाही. उलट, रोज वाटीतून बायकोचं दूध आत देऊन मी तिच्या वॉर्डात आलो की ती पलंगावरून पहिला प्रश्न तोच विचारायची, "अप्पा काय म्हणाले?" "म्हणाले, पाय काटक्या हायेत." मग ती डोळे मिटून पडायची. आम्हा दोघांना डॉक्टरांच्या शब्दांपेक्षा त्या नालस्तीचाच आधार वाटू लागला.

मग बाळाला जंतुसंसर्ग झाला. तिने दूध घेणं सोडलं, अंग निळसर पडलं. डॉक्टर म्हणाले, औषध बदललंय, आजचा दिवस गेला तर बघू. नर्सने मामांनाही आत यायला सांगितलं. त्यातच मला काय ते कळलं. मामांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, हात धुतले, पेटीवर वाकले. मग म्हणाले, "लई देखणी हाय माझी बाई. लई गुणाची हाय."

डॉक्टरांनी आशा सोडली नव्हती, पण मामांनी सोडली होती. मी त्यांचा दंड धरला आणि विचारलं, "मामा, असं का म्हणता?" त्यांचे डोळे वाहत होते. "पहिल्याला लई बरं म्हणलो होतो," ते म्हणाले, "हिला येकबी शब्द न्हाई. जाणाऱ्या लेकराला बरं ऐकून तर जाऊ द्या."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. पण पेटीत माझी मुलगी होती, आणि तिला निरोप द्यायची माझी तयारी नव्हती. मी रसायनशास्त्राचा माणूस, मामांना बाजूला सारून पेटीवर वाकलो आणि जे तोंडाला येईल ते बोलायला लागलो. "नाक बसकं हाय हिचं. रंग तर बगा. रडायला सुदिक येत न्हाई हिला. कशाची देखणी, काही खास न्हाई." मी थांबलो नाही. आयुष्यभर पुस्तकी बोललो, पण त्या वेळी माझ्या तोंडात मामांचीच भाषा आली. थोड्या वेळाने माझ्या शेजारून खरखरीत आवाज आला, "कानबी उंदराचे हायेत." आम्ही दोघं सासरे-जावई तिथे उभे राहून त्या मुठीएवढ्या पोरीला नावं ठेवत राहिलो. नर्सने आम्हाला बाहेर काढलं नाही. ती पाठ करून सलाइनच्या बाटल्या लावत होती.

तो दिवस गेला. दुसराही गेला. औषध लागू पडलं. तिने दूध घेतलं, पुढे पेटीतून आईच्या कुशीत आली, आणि आम्ही सगळे उमरीला गेलो. बारशाला आम्ही तिचं छानसं नाव ठेवलं. मामा मात्र तिला धोंडी म्हणतात. धोंडा कुठं जात नाही, एवढंच त्यावर त्यांचं स्पष्टीकरण.

बाळ-बाळंतिणीला लातूरला न्यायला मी आलो त्या सकाळी मामांनी दुकान उघडलं नाही. त्यांनी तिच्या कपाळाला तीट लावली, गालाला लावली, तळपायाला लावली, आणि तरी डबीत बोट घातलेलंच होतं. गाडी सुरू झाली तसे ते माझ्या खिडकीशी आले. अर्ध्या उतरवलेल्या काचेवर हात टेकवून म्हणाले, "जावईबापू, बाप म्हणून तुमी काही खास न्हाईत."

त्यांच्या बोटाचं काजळ खिडकीच्या काचेला लागलं होतं. त्यांना स्वतःला कुणी कधी असं म्हटलं नसावं, हे मला तेव्हाच सुचलं.

"तुमीबी न्हाईत, मामा," मी म्हणालो.

त्यांनी टोपी सारखी केली आणि बंद दुकानाच्या फळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. आमची गाडी वळेपर्यंत ते तसेच उभे होते.