बोरीखालचा पेला

महादेव कुबल कोणावर म्हणून विश्वास ठेवत नसे. टॅक्सीवाल्यावर नाही, दुकानदारावर नाही, माझ्यावर तर नाहीच, कारण मी पुण्याचा. त्याचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: आपले हात आणि वेंगुर्ल्याकडच्या आपल्या गावचा देवचार. देवचार म्हणजे गावाची शीव राखणारा. दारूचा पहिला घोट त्याला दिला की तो माणसाला अडीअडचणीत सांभाळतो, अशी तिकडची समजूत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुवेतमध्ये, खैतान वस्तीतल्या एका खोलीत आम्ही तिघे राहत होतो. महादेव राई नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपमध्ये एसीचे डक्ट बनवायचा, मी एका गोदामात स्टोअरकीपर होतो आणि तिसरा दाभोळचा यूनुस, अत्तराच्या दुकानात सेल्समन. तिघांच्याही घरी बायकामुलं, पण तिथल्या हिशेबाने आम्ही बॅचलर.

दारूला तिथे सक्त बंदी. सापडलात तर आधी कोठडी, मग विमान. महादेवच्या गावच्या घराला अजून छप्पर यायचं होतं. आणि हा गडी आमच्या कपाटात बिअर करायचा!

त्याच्या साइटवर एक बेल्जियन फोरमन होता. त्याने एकदा दाढीच्या सामानातून आपल्या मुलखातलं यीस्ट आणून दिलं. महादेवने ते विरजणासारखं जपलं. एका घाण्याचा तळाचा गाळ जॅमच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, पुढच्या घाण्याला तोच वापरायचा. कडवटपणासाठी हॉप्सची वाळकी फुलं लागतात, ती फोरमन दर सुट्टीहून चहाच्या डब्यातून आणायचा. जव पक्ष्यांच्या दाण्याच्या दुकानातले. महादेव त्यांना मटकीसारखे मोड आणायचा, गच्चीवर वाळवायचा आणि त्यातले मूठ-दोन मूठ तव्यावर कॉफीच्या रंगाचे होईपर्यंत भाजायचा. मग भरडून कढत पाण्यात मुरवायचे, गाळायचे, आणि तो काढा हॉप्स घालून उकळायचा. निवाला की यीस्ट घालून पाण्याच्या मोठ्या बाटलीत, कपाटात. कपाटात एसीची हवा नेणारा छोटा डक्टही त्याने स्वतःच बसवला होता.

बिअर व्हायची काळीकुट्ट. पहिला घोट कारल्यासारखा कडू, मग मागाहून लवंगेची आणि पिकल्या केळ्याची चव. मला ती फार आवडायची, खोटं कशाला बोलू! पण केळ्याचा तो वास जिन्यापर्यंत जायचा. म्हणून स्वयंपाकघरात कायम केळ्यांचा घड टांगलेला असे. तो घड यूनुस आणायचा. स्वतः थेंबाला शिवत नसे, पण घड आणायला कधी चुकला नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी बाटल्या उघडल्या की महादेव स्टीलचा छोटा पेला भरून इमारतीमागे जायचा. तिथे एक बोरीचं झाड होतं. पेला बुंध्याशी ठेवून तो हात जोडायचा, "बा म्हाराजा, परमुलखात इलंय. ह्यो तुझो मान घे आणि सांभाळ." मी डोक्याला हात लावायचो. कपाट कुलपात आणि पुरावा झाडाखाली! पण शुक्रवारी सकाळी पेला रिकामा असायचा, अगदी स्वच्छ.

"काय रे, तुझा देवचार पेला विसळून ठेवतो?" मी एकदा विचारलं.

"गावाक पाणी नाय, म्हणान थंय इसळणा नाय," तो म्हणाला. "हंय नळाक पाणी आसा."

अशा माणसाशी कोण वाद घालणार?

मग एका बुधवारी शेजारच्या इमारतीत सीआयडी आली आणि दारू गाळणाऱ्या दोघांना घेऊन गेली. त्या दिवसापासून महादेवच्या मानगुटीवर संशयाचं भूत बसलं. आता आपली पाळी, कोणीतरी खबर देतोय, घरातलाच कोणीतरी फितूर आहे! तो आमच्या चपला कुठल्या दिशेला आहेत ते बघायचा. मी फोनवर बायकोशी बोलत असलो तरी मागे येऊन उभा राहायचा. मला असा राग यायचा की सांगता सोय नाही.

दोन दिवसांनी, शुक्रवारी पहाटे, त्याला खिडकीतून यूनुस दिसला. नमाजाला निघालेला यूनुस मागच्या आवारात इद्रीसशी अरबीत बोलत होता. इद्रीस म्हणजे इमारतीची देखभाल करणारा इजिप्शियन. बोलता बोलता यूनुसने बोट थेट आमच्या खिडकीकडे केलं. मीही महादेवच्या खांद्यावरून ते पाहिलं, आणि माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुपारी जेवताना महादेवने तोंड उघडलं. "यूनुसा, इद्रीसाक काय सांगत होतंस? आमची चुगली?"

यूनुसने घास गिळला. "महादेवभाय, मी सांगितलं असतं तर तू आज इथे बसून बांगडा खाल्ला असतास काय?"

"मग बोट कित्याक दाखवलंस?"

यूनुस उठला. त्याने ताट धुतलं, बॅग भरली आणि संध्याकाळी फहाहीलला चुलतभावाकडे निघून गेला. महादेवने त्याला अडवलं नाही. मीही नाही.

पुढच्या गुरुवारी पेला ठेवला गेला. शुक्रवारी सकाळी महादेव खिडकीशी गेला आणि तिथेच थिजला. बोरीखाली पेला काठोकाठ भरलेला होता.

"घेतल्यान नाय रे," तो पुटपुटला. "देवचार कोपलो."

तेवढ्यात इद्रीस झाडू घेऊन आला. त्याने पेला उचलला, हुंगला आणि वर पाहिलं.

थोड्या वेळाने तो दारात उभा होता. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "शुक्रवारी झाडाखाली यूनुस झाडायचा. मला म्हणायचा, तू झोप. माझे दोस्त खिडकीतून केळ्यांची सालं टाकतात, मला लाज वाटते." त्याने पेला जमिनीवर ठेवला. "आज कळलं, कसली सालं. मलाही मुलं आहेत. मगरिबच्या नमाजाआधी, सूर्य मावळायच्या आत सगळं बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर मालकाला सांगेन."

महादेवने एकेक बाटली मोरीत ओतली. शेवटी यीस्टची बरणी ओतली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मला वाटत नाही ते बरणीसाठी भरले होते.

पुढच्या सुट्टीला आम्ही फहाहीलला यूनुसकडे गेलो. त्याने चहा केला. महादेव कपाकडे बघत म्हणाला, "सांगलंस कित्याक नाय?"

"तुझा देवचार पितो म्हणून तू खूश असायचास," यूनुस म्हणाला. "मी पेला ओतून नळावर विसळायचो, हातपाय धुऊन पुन्हा वजू करायचो आणि नमाजाला जायचो. त्यात काय एवढं." मग त्याने विचारलं, "झाडाखाली अजून ठेवतोस का?"

"नाय."

"का?"

"राखणदार फहाहीलाक गेलो," महादेव म्हणाला.

यूनुस हसला. त्याने आमचे कप पुन्हा भरले, निघताना केळी बांधून दिली. खोलीवर परत ये, असं महादेवने दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा यूनुसने फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो आला नाही.