एनॉक टॅल्मेजने शिवलेलं म्यान

रूफस पेनरॉडला कोंडवाड्यापाशी गोळी लागली, त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या कॉटनवुड बेंडमध्ये एकच गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी होती. त्याचं पिस्तूल म्यानातून निघालंच नाही.

हायरम लोहाराने ते स्वतः पाहिलं होतं. घोडेचोर कुंपणाआडून उठला आणि रूफसचा हात कमरेकडे गेला. त्याने एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं. पिस्तुलाबरोबर सगळं म्यानच वर आलं, ओल्या मोज्यासारखं हाताला चिकटून. तिसऱ्यांदा ओढायला त्याला वेळ मिळाला नाही. चोर पळाला आणि शेरीफचा डेप्युटी रूफस तिथेच शेणात आडवा झाला. वय एकतीस.

ते म्यान आणि तो पट्टा एनॉक टॅल्मेजच्या हातचा होता.

एनॉक तेव्हा साठीला आला होता. मिसूरीत बापाच्या हाताखाली खोगिरं शिवायला शिकला आणि वायोमिंगमध्ये गुरांचे कळप आले तसा त्यांच्यामागून इकडे आला. बायको डॉर्कस बरोबर होती. मूलबाळ जगलं नव्हतं. माणूस तसा घुमा. गिऱ्हाइकाने दहा वाक्यं बोलावीत तेव्हा हा एक बोलायचा, तेही दातांत दोरा धरून. पण त्याच्या दुकानातून निघालेलं म्यान उलटं धरून गदागदा हलवलं तरी पिस्तूल खाली पडायचं नाही, आणि दोन बोटांनी ओढलं की लोण्यातून सुरी निघावी तसं निघायचं. ही परीक्षा तो गिऱ्हाइकासमोर घ्यायचा. तेवढाच त्याचा डौल.

रूफसचं काम त्याने आदल्या वर्षी केलं होतं. गाईच्या पाठीचं, ओकच्या सालीत कमावलेलं जाड कातडं घेतलं. रापीने एकाच तुकड्यातून म्यान आणि मागचा पदर कापला. त्या पदराला दोन आडव्या चिरा दिल्या आणि म्यान त्यांच्यातून ओवून घेतलं, म्हणजे ते पट्ट्यावर घट्ट बसतं. काठाच्या शिवणीत कातड्याची एक पट्टी भरली, नाहीतर नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी दोरा कापते. मग मेण लावलेला दोरा आणि दोन सुया घेऊन, आरीने एकेक भोक पाडत दोन्ही बाजूंनी शिवण घातली. पट्ट्याला काडतुसांची चाळीस घरं केली. शेवटी म्यान पाण्यात बुचकळून, तेलकापडात गुंडाळलेलं रूफसचं पिस्तूल आत घातलं आणि हाडाच्या तुकड्याने चोळून चोळून त्या ओल्या कातड्यावर पिस्तुलाचा आकार उमटवला. तीन दिवस सावलीत सुकवलं. चुलीजवळ ठेवायचं नाही, कातडं करपतं.

"म्हातारबा, हे तर लाकडासारखं कडक आहे की!" रूफस पट्टा बांधताना म्हणाला होता. "कंबर सोलून निघेल माझी."

"कडकच असू दे," एनॉक म्हणाला. "मऊ झालं तर ते म्यान नव्हे, खिसा."

एवढंच बोलणं झालं होतं.

दफनानंतर चौथ्या दिवशी रूफसची बायको लुएला दुकानात आली. हातात पिठाची रिकामी गोणी होती. दुकानात तेव्हा हायरम होता आणि लगाम दुरुस्तीला आलेले दोन गुराखीही होते. तिने गोणी उलटी केली. पट्टा आणि म्यान टेबलावर धपकन पडलं. एकेकाळी त्याचा आवाज खण्णकन आला असता.

"हे घ्या," ती म्हणाली. "तुमचं काम. माझा नवरा खाल्ला याने."

एनॉक उठून उभा राहिला. दोरा अजून दातांतच होता.

"बोला ना काहीतरी! तुमचं नाव ठोकलंय ना त्याच्यावर? वाचा, मोठ्याने वाचा!"

हायरमने तिला धरून बाहेर नेलं. गुराख्यांनी आपले लगाम तसेच, न दुरुस्त केलेले, उचलले आणि तेही गेले.

एनॉकने म्यान हातात घेतलं. कातडं काळं पडलं होतं. त्याचं तोंड आत कोलमडलं होतं. अंगठ्याने दाबलं तर शिळ्या भाकरीच्या तुकड्यासारखं वाकायचं आणि तसंच राहायचं. घड्यांमध्ये पांढरी चरबी साठली होती. त्याने ते नाकाला लावलं. डुकराच्या चरबीचा वास होता. एकदा-दोनदा लावलेली नव्हे. महिनोन्‌महिने, थरावर थर.

"डॉर्कस!" त्याने आत हाक मारली. "इकडे ये. हे बघ. हे मी नाही केलेलं. हे कुणीतरी चरबी पाजून मारलंय."

डॉर्कसने बोट लावून पाहिलं. आयुष्य कातड्यात गेलेली बाई, तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. "मग आत्ताच्या आत्ता जा," ती म्हणाली. "तिला दाखव. हायरमला दाखव. सगळ्या गावाला दाखव."

तो निघाला. वाटेत त्याने शब्द जुळवले. जन्मात एवढे शब्द त्याने एकत्र जुळवले नव्हते. लुएलाच्या दारात पोचला तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. रागाचं अवसान गळून गेलं होतं. तिने त्याला बसायलाही सांगितलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

"मिसेस पेनरॉड," त्याने सुरुवात केली, "ते म्यान... त्याची निगा कोण राखायचं?"

"मीच. दुसरं कोण?" ती म्हणाली. तिचे डोळे चुलीवरच होते. "त्याच्या कमरेला घट्टे पडायचे हो. कातडी सोलवटायची. मग मी दर शनिवारी चरबी कोमट करायची, फडक्याने चोळायची, कातडं पिईल तेवढी पाजायची. तो हसायचा. म्हणायचा, लुएला, माझ्यापेक्षा तू या पट्ट्याचेच लाड जास्त करतेस. शेवटच्या शनिवारी पण केलं. इतकं मऊ झालं होतं, त्याला कळतसुद्धा नव्हतं कमरेला काही आहे ते." मग तिने मान वर केली. "मी एवढं जपलं आणि तुम्ही शिवलंत असलं. का विचारता?"

एनॉकच्या हातात म्यान होतं. घड्यांमधली पांढरी चरबी त्याच्या अंगठ्याखाली होती. बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

"काही नाही," तो म्हणाला. "सहज."

आणि तो परत आला.

डॉर्कस त्या दिवशी जेवली नाही. "तू गप्प बसलास?" ती पुन्हापुन्हा विचारत होती. "तोंडात काय मूग धरले होतेस? अरे, आपण खायचं काय?"

"तिला सांगू? तुझ्याच हातांनी मेला म्हणून सांगू?"

"खरं आहे ते!"

"खरं आहे म्हणूनच नाही सांगता येत."

"मग मी सांगते."

"डॉर्कस," त्याने तिचा हात धरला. एरवी हात धरणारा माणूस नव्हता तो. "ती मरेल. विहिरीत उडी टाकेल. तिचा चेहरा तू पाहिला नाहीस. मी पाहिलाय."

डॉर्कसने हात सोडवून घेतला. पण ती गेली नाही.

गावाने बोलायचं ते बोलून घेतलं. "म्हाताऱ्याला आता दिसत नाही." "टॅल्मेजचा पट्टा बांधायचा तर आधी शवपेटीचं माप देऊन ठेवा." दारूच्या गुत्त्यात कुणीतरी म्यानात अडकलेल्या पिस्तुलाची नक्कल करून दाखवायचा आणि लोक पोट धरून हसायचे. ज्यांच्याकडे त्याची म्यानं होती त्यांनी ती परत आणून दिली. काहींनी तर दुकानाच्या पायरीवर नुसती टाकून दिली. दहा-दहा वर्षं वापरलेली ती म्यानं होती. एकही टाका उसवलेला नव्हता, तरी परत आली. गुराख्यांनी शायन शहरातून टपालाने माल मागवायला सुरुवात केली. उन्हाळा संपेतो एनॉकच्या दुकानात माश्यांखेरीज कुणी फिरकेनासं झालं. डॉर्कस हॉटेलच्या चादरी धुवायला जाऊ लागली. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिची बोटं सोड्याने फाटलेली असायची. ती मुद्दाम, न बोलता, ती बोटं त्याच्यासमोर टेबलावर ठेवायची.

पण सगळ्यांत वाईट गोष्ट वेगळीच झाली. एनॉकला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला. चरबीने कातडं मरतं हे त्याला ठाऊक होतं. पण सगळं गाव एकच म्हणायला लागलं की माणसाच्या मनात किडा शिरतो. शिवणीतली पट्टी आपण पुरेशी जाड भरली होती ना? तोंड अर्धं बोट अरुंद तर नव्हतं ठेवलं? त्या आठवड्यात आपल्याला ताप होता ना? तो दिवसभर ते म्यान पुढ्यात घेऊन बसायचा. उलटंसुलटं करायचा. हायरमकडून तसलंच पिस्तूल मागून आणून बसवून बघायचीही त्याला लाज वाटायची.

शेवटी एका सकाळी त्याने रापी घेतली आणि शिवण उसवली. दोरा कापत कापत म्यान उघडं केलं, चामडं काढलेल्या जनावरासारखं टेबलावर पसरलं. पट्टी जागच्या जागी होती. टाके सरळ होते, इंचाला नऊ. मापात केसाचाही फरक नव्हता. काम निर्दोष होतं.

मग तो रडला. कारण आता ते दाखवायलाही काही उरलं नव्हतं. उसवलेल्या कातड्यावरून कोण काय ओळखणार? निर्दोष होतं हे जगात फक्त त्याला माहीत होतं, आणि पुरावा त्याने स्वतःच्याच हाताने कापला होता.

ऑक्टोबरात लुएला पुन्हा आली. या वेळी हातात काही नव्हतं. वाळली होती. डॉर्कसही नेमकी घरी होती. आतल्या दारात ओल्या हातांनी उभी राहिली.

"मिस्टर टॅल्मेज," लुएला म्हणाली, "काल एक घोड्यांचं सामान विकणारा फिरस्ता आला होता. बोलता बोलता म्हणाला, कातड्याला चरबी फार लावू नये, लोळागोळा होतं." ती थांबली. "तुम्ही त्या दिवशी मला विचारलंत, निगा कोण राखायचं. ते का विचारलंत?"

एनॉकने हातातली आरी खाली ठेवली.

"मला झोप नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते फडकं येतं. तुम्हाला देवाची शपथ आहे. मी केलं का ते?"

एनॉकने डॉर्कसकडे पाहिलं नाही. पाहायची त्याची हिंमत नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "चरबीने काही होत नाही. थोडंफार मऊ पडतं, बस. फिरस्त्यांना काय कळतंय? तोंड अरुंद झालं होतं. माप माझं चुकलं. मी उसवून पाहिलंय, ते बघा, पडलंय तिथे. चूक माझी होती."

लुएलाने त्या उसवलेल्या तुकड्यांकडे पाहिलं. मग डॉर्कसकडे. "खरं सांगतायत हे?"

डॉर्कस सगळा उन्हाळा हेच बोलायची संधी शोधत होती. फाटलेल्या बोटांनी चादरी पिळताना रोज तिने हीच वाक्यं घोळवली होती. पण समोरच्या बाईचे ओठ थरथरत होते. डॉर्कसने ॲप्रनला हात पुसले.

"मी त्यांना दहादा सांगितलं होतं," ती म्हणाली. "डोळे गेलेत तुमचे, आता पिस्तुलाची कामं घेऊ नका म्हणून. ऐकलं नाही माझं."

लुएला खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. तिच्या अंगातून कसलंतरी ओझं उतरताना दिसत होतं. रडून झाल्यावर उठली, एनॉकसमोर आली आणि शांतपणे म्हणाली, "देव तुम्हाला कधी क्षमा न करो." दार लोटून घेतलं आणि गेली. आज कित्येक महिन्यांनी ती ताठ चालत होती.

डॉर्कसने टेबलावरचे उसवलेले तुकडे गोळा केले. मग डॉर्कस म्हणाली, "आता या गावात राहता येणार नाही."

"नाही."

"मला तुझा राग आहे, एनॉक. सांगून ठेवते. तो जाणार नाही."

"बरं," तो म्हणाला.

बर्फ पडायच्या आत ते निघाले. शिवताना कातडं पकडून धरायची लाकडी घोडी हायरमने ठेवून घेतली. गाडीत सामान चढवायला तोच एकटा आला होता. जाताना त्याने एनॉकच्या पाठीवर थाप मारली. "मनाला लावून घेऊ नकोस, म्हाताऱ्या. चूक कुणाच्याही हातून होते." एनॉकने मान हलवली. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत डॉर्कस पुढेच बघत होती. मग तिने शालीत तोंड घातलं आणि हुंदके द्यायला लागली, ती टेकडीच्या पलीकडे जाईपर्यंत थांबली नाही.

रेल्वेच्या गावात त्याला घोड्यांच्या गळपट्ट्यांच्या कारखान्यात काम मिळालं. गळपट्ट्यात राय धान्याचा पेंढा ठोकून भरायचा आणि शिवून टाकायचा, दिवसाला आठ. त्यावर कारखान्याचा शिक्का असायचा, माणसाचा नव्हे. डॉर्कस तिसऱ्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेली. जाण्याआधी तिने आपल्या बहिणीला हे सगळं सांगितलं, म्हणून ते कळलं तरी. राग गेला होता का, ते बहिणीने विचारलं नाही.

एनॉक पुढे सहा वर्षं पेंढा भरत होता. शेजारच्या बाकावरच्या माणसांना तो मिसूरीचा आहे एवढंच माहीत होतं. लुएलाने दुसरं लग्न केलं, तिला दोन मुली झाल्या, आणि ती कॉटनवुड बेंडमध्ये चांगली म्हातारी होऊन मेली. टॅल्मेजचं नाव निघालं की ती थुंकायची.