आईने न घेतलेली नात

काल दवाखान्यात जंतुनाशकाचा उग्र वास आला आणि मला ऐंशीच्या दशकातलं मुलुंडचं आमचं घर आठवलं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. लेकीला घेऊन हॉस्पिटलमधून घरी पोहोचले, तेव्हा आई मोरीत हात धूत होती. साबण लावायची, पाणी ओतायची, हात उजेडात धरून बघायची आणि पुन्हा साबण घ्यायची. बोटांना भेगा पडून रक्त आलं होतं. शेजारच्या बायका म्हणायच्या, हिचं सोवळं फार कडक. आम्हीही तेच समजत होतो.

"आई, झाले स्वच्छ. घे ना हिला," मी म्हटलं.

ती आली, हात पसरले. तेवढ्यात तिचं कोपर दाराच्या कडीला लागलं आणि ती मागे फिरली.

"अगं, पुरे आता," बाबा म्हणाले. "पिंपातलं पाणी संपलं."

आई भिंतीला टेकून खाली बसली. "मला कळतं गं, हात स्वच्छ आहेत," ती म्हणाली. "पण माझ्यामुळे तिला काहीतरी होईल, हे डोक्यातून जातच नाही. हे सोवळं नाही. काय आहे, मलाच कळत नाही."

हा मनाचा आजार असतो, त्यावर उपचार असतात, हे आम्हाला कळलं तेव्हा आई गेलेली होती. त्या दिवशी मला फक्त तिचे हात दिसले होते. आता तिची भीती दिसते.

माझी लेक दर सुट्टीत तिच्याकडे राहायची. आजीने लांब बसून सांगितलेल्या गोष्टी तिला आठवतात. आजीचा हात मात्र तिच्या पाठीवरून कधीच फिरला नाही.